पार्किनचे चौदा दिवस

ऑड्री सगडनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका मुलाच्या ताटात वाटाणे वाढत होती आणि त्याला सांगत होती, "मोजून बारा आहेत. बारा खाल्लेस तर पुडिंग. अकरा खाल्लेस तर नाही." मुलानं बारा खाल्ले. शाळेच्या त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी पुढं सतरा वर्षं काढली. ती उंच, हाडापेरानं मजबूत, पिकलेले केस कानाच्या वर कापलेले. मी तिच्या खांद्याला लागायचे.

घरंही आमची पाठीला पाठ. आमच्या कीथली गावाच्या चढावर काळवंडलेल्या दगडी घरांच्या रांगा आहेत, दोन रांगांच्या मधे अरुंद बोळ आणि बोळात कपड्यांच्या दोऱ्या. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसायचं. सकाळी तिच्याकडं उजेड झाला की मी चहा ठेवायचे. माझ्याकडं देवापुढं समई लागलेली दिसली तर ती दहा मिनिटं थांबून मगच दार वाजवायची. "आटोपलं का वरच्याशी बोलणं?" म्हणायची. ती स्वतः दर रविवारी चॅपलला जायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि कुणापाशी देवाचा विषय काढायची नाही. त्यामुळं आमचं जमलं.

ऑड्रीचे दोन नेम होते. कागदावर खोटं लिहायचं नाही, आणि आपल्या मातीचे, म्हणजे अंत्यविधीचे, पैसे आपण साठवायचे. कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. पेन्शनीतून दर आठवड्याला त्यात काहीतरी पडायचं. ही गोष्ट घडली त्या वर्षी डब्यात अठराशे पौंड झाले होते आणि अजून बाराशे पाहिजेत असा तिचा हिशोब होता. डब्याचं कारण तिनं मला एकदा बटाटे सोलता सोलता सांगितलं होतं. बाप वारला तेव्हा घरात मातीला पैसे नव्हते. भाऊ डेरेक बापाचीच टोपी हातात घेऊन गल्लीत दारोदार फिरला. तो चौदाचा, ही अकराची, त्याच्या मागून चालत होती. "टोपीत नाणं पडलं तर आवाज येत नाही, मंदा. कापडच ते. पण टाकताना लोक बघतात ना आपल्याकडं." एवढंच बोलली आणि पुढचा बटाटा घेतला. मीही खोदून विचारलं नाही.

मांजरं तिच्याकडं आली ती नवरा गेल्याच्या वर्षी. क्लिफ बस चालवायचा. वसंतात तो गेला, आणि नोव्हेंबरच्या पाच तारखेला गल्लीतल्या पोरांनी मैदानात होळीसाठी लाकडं रचली तेव्हा पेटवायच्या आधी ढिगाखाली काही जनावर दडलंय का बघायला ऑड्री वाकली. इथं त्या रात्री होळ्या पेटवून फटाके उडवतात, आणि आधी असं बघायची पद्धत आहे, साळू वगैरे असतात म्हणून. साळू नव्हता, दोन पिल्लं होती. एक बोका तांबूस, एक मांजरी काळीभोर. त्या दिवसाला इथं घरोघर ओट आणि आल्याचा चिकट केक करतात, त्याला पार्किन म्हणतात. बोक्याचा रंग तोच, म्हणून तो पार्किन. काळी ती ट्रीकल, म्हणजे त्यात पडणारी काकवी. क्लिफच्या खुर्चीत त्या दिवसापासून पार्किन बसायला लागला आणि ऑड्री पुन्हा संध्याकाळचं जेवण ताटात घेऊन खायला लागली. त्याआधी महिने ती ओट्यापाशी उभ्यानं खात होती. मी खिडकीतून बघत होते.

सहा वर्षं दोन्ही मांजरांना काही झालं नाही. मग त्या सप्टेंबरात वरच्या गल्लीतल्या माणसाचं मांजर गाडीखाली आलं आणि पायाच्या ऑपरेशनला त्यानं मोटरसायकल विकली. लगेच पुढच्या आठवड्यात ऑड्री दोघांना इंजेक्शन द्यायला जनावरांच्या दवाखान्यात गेली, तिथून विम्याचा फॉर्म घेऊन आली. दोघांचे मिळून महिन्याला सतरा पौंड. आजारपण आलं तर बिल कंपनी भरणार.

डेरेक दर रविवारी तिच्याकडं जेवायला यायचा. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा, बोटांची नखं अजून निळसर. फॉर्म बघून त्यानं काटा खाली ठेवला.

"आमची ऑड्री मांजरांचा विमा काढणार. ऐकलंत का शेजारीणबाई? उद्या कुंडीतल्या जिरेनियमचा काढेल."

"जिरेनियम डॉक्टरकडं जात नाही," ऑड्री म्हणाली. "खा मुकाट्यानं."

"महिन्याला सतरा. वर्षाचे दोनशे चार. दहा वर्षं जगली तर दोन हजार चाळीस. तेवढ्यात नवीन मांजरं किती येतील?"

"तुझ्या जागी नवीन भाऊ किती येतील ते विचारून आले होते मी एकदा. कुणी घ्यायला तयार नाही."

डेरेक हसला, पण विमा म्हटलं की त्याचा चेहरा कडक व्हायचा तसा झालाच. "विमेवाल्यांना मी घरात घेत नाही. तुला माहीत आहे का ते."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि फॉर्म उचलून तिनं घड्याळामागं ठेवला. शेकोटीवरच्या फळीवर घड्याळ, आणि महत्त्वाचा कागद घड्याळाच्या मागं, ही इथल्या जुन्या घरांची रीत. तिथं ठेवलेला कागद हरवत नाही. अडचण एवढीच की दिसतही नाही. डेरेकचं मन वळल्याशिवाय फॉर्म धाडायचा नाही असं तिच्या मनात होतं. डेरेकचं मन वळायला दोन रविवार लागले. तेही वळलं नाही, तो फक्त म्हणाला, "तुझे पैसे, तुझी मांजरं, मला काय."

मग फॉर्म भरायला तिला तीन दिवस लागले. 'जनावराला पूर्वी काही आजार किंवा आजाराची लक्षणं' या ओळीवर ती अडून बसली.

"पार्किन मागच्या उन्हाळ्यात ओकला होता. गवत खाऊन. लिहू का?"

"मांजरं ओकतातच गं," मी म्हटलं.

"पण ओकला होता ना."

तिनं लिहिलं. तारीख आठवत नव्हती म्हणून 'जुलैचा शेवट, बहुधा गुरुवार' असंही लिहिलं.

कंपनीचं पत्र आलं ते तिनं मला वाचून दाखवलं. विमा चोवीस ऑक्टोबरपासून सुरू. पण पहिले चौदा दिवस आजारपणाचे पैसे मिळणार नाहीत, आणि त्या चौदा दिवसांत जे दुखणं दिसेल ते पुढंही कायमचं वगळलं जाईल. म्हणजे खरा आधार सात नोव्हेंबरपासून. आणि त्याच चौदा दिवसांत मन बदललं तर विमा रद्द करून भरलेले पैसे परत. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा तारखेला पेन्सिलनं गोल केला. "सहा तारीख गेली की सुटले," म्हणाली.

फॉर्म घड्याळामागं पडला नसता तर ते चौदा दिवस ऑक्टोबरातच संपले असते. हे नंतर आम्ही तिघांनीही आपापल्या मनात म्हटलं असणार. 

पाच तारीख त्या वर्षी सोमवारी आली. पण फटाके शनिवारपासूनच सुरू झाले होते. मैदान आमच्या बोळापासून शंभर पावलांवर. ट्रीकल अशा वेळी कपाटावर चढून बसते, तिचं काही नाही. पार्किन पलंगाखाली जातो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर येत नाही, खात नाही, पीत नाही. दर वर्षीचंच. सोमवारी संध्याकाळी होळी पेटली, मी जरा वेळ जाऊन आले.

मंगळवारी, सहा तारखेला सकाळी मी चकलीची भाजणी भाजत होते. दिवाळी आठवड्यावर आलेली. खिडकीतून ऑड्री दिसली. ओट्यापाशी उभी, मांजर कडेवर, आणि नुसतीच उभी. मी गॅस बंद केला आणि हात न धुताच बोळ ओलांडला.

"काल संध्याकाळपासून पलंगाखालून निघून ट्रेमध्ये जाऊन बसतोय," ती म्हणाली. "साडेसहापासून. पहिला बाण उडाला तेव्हापासून. जातो, बसतो, उठतो. होत काही नाही."

"बद्धकोष्ठ असेल. कोमट दुधात थोडं तूप..."

"मागून नाही, मंदा. पुढून होत नाहीये."

तिनं त्याला खाली ठेवलं. घरात मांजरांच्या शी-शूला मातीचा ट्रे होता, तो त्यात गेला, मागचे पाय वाकवले, आणि आवाज काढला. मांजराचा आवाज नव्हता तो. ट्रेमधली माती कोरडीच राहिली.

"दवाखान्यात फोन केलास?"

ऑड्रीनं कॅलेंडरकडं पाहिलं. पेन्सिलचा गोल तिथंच होता. "फोन केला की तिथल्या मुली लिहून ठेवतात," ती म्हणाली. "तारीख, वेळ, सगळं. आजचा चौदावा आहे."

तेवढ्यात डेरेक आला. मंगळवारी तो तिला गाडीतून बाजारात न्यायचा. त्यानं कोट न काढता सगळं ऐकून घेतलं, पार्किनकडं बघितलं, पुन्हा कॅलेंडरकडं बघितलं. ज्या माणसानं विम्याला दोन रविवार नावं ठेवली तोच आता बोटांवर तास मोजायला लागला.

"उद्या साडेआठला उघडतात. मी आठला गाडी घेऊन दारात उभा राहतो. आत गेलीस की सांगायचं, आज सकाळी सुरू झालं. पैसे भरलेस ना त्यांना? मग घे की त्यांच्याकडून. एका रात्रीनं काय होतंय."

"बिल किती होईल?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

"वरच्या गल्लीतल्याला दोन हजार आलं," डेरेक म्हणाला.

 डब्यातले अठराशे मला दिसत होते आणि तिलाही. आणि इथं मला कबूल केलं पाहिजे, की मीही म्हटलं, "उद्या सकाळीच जा, ऑड्री. एक दिवस निघेल." रोज देवापुढं बसणारी बाई मी. पण त्या डब्यात तिनं काय साठवलंय ते मला ठाऊक होतं, आणि मांजराचं दुखणं किती घाईचं असतं ते ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटलं हे खरं.

बाजार राहिला. डेरेकनं कोट काढला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. पान काही उलटलं नाही. मी घरी जाऊन भाजणी दळायला घेतली, पण दर पाच मिनिटांनी खिडकीकडं जात होते. अकरा वाजता पार्किन ट्रे सोडून न्हाणीघरात गेला आणि तिथं फरशीवर बसला. बारा वाजता मोरीतल्या भांडी धुवायच्या टबात बसला. शहाणं मांजर, कधी जागा चुकलं नव्हतं. आता जागा बदलली तर होईल असं त्याला वाटत असावं. टबात दोन थेंब पडले होते. मी परत गेले तेव्हा ऑड्रीनं ते मला दाखवले. गुलाबी होते.

"एक वाजला. अजून अठरा तास," डेरेक वर्तमानपत्राआडून म्हणाला. "मग सकाळ."

"आठपर्यंत एकोणीस होतात," ऑड्री म्हणाली. "तुला हिशोब कधीच आला नाही."

दोनच्या सुमारास आवाज थांबला. आधी आम्हाला बरं वाटलं. डेरेक म्हणाला, "बघ, लागला डोळा." पार्किन क्लिफच्या खुर्चीमागं, भिंतीशी, पाय पोटाखाली घेऊन बसला होता. डोळे उघडे. ऑड्रीनं हॅमचा तुकडा नाकापुढं धरला. त्यानं मान वळवली नाही, नाकही हललं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि त्याच्या पोटाखाली हात घातला. हात तिनं तसाच ठेवला.

"हात लाव," मला म्हणाली.

मी लावला. आत संत्र्याएवढं काहीतरी होतं, संत्र्यासारखंच टणक.

ऑड्री खुर्चीच्या हाताला धरून उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"आई पण हेच म्हणाली होती, डेरेक."

डेरेकनं वर्तमानपत्र खाली घेतलं.

"काय म्हणाली होती?" मी विचारलं. ती माझ्याकडं वळली, पण बोलत होती त्याच्याशीच.

"बापाचा विमा आईनं उशिरा घेतला, मंदा. दर शुक्रवारी विमेवाला दारात यायचा, पैसे घेऊन वहीत सही करायचा. वर्षभर जगला तर पूर्ण पैसे, त्याआधी गेला तर काही नाही, असा करार होता. दहाव्या महिन्यात बापाला खोकला लागला. डॉक्टर गल्लीच्या टोकाला होता, आणि फुकट होता. पण डॉक्टर आला की लिहून ठेवतो, आणि विमेवाल्याला कळलं की विमा रद्द. आई म्हणाली, थोडे दिवस काढू, मग बोलावू. छातीला हंसाची चरबी चोळली, वरून खाकी कागद बांधला. शेजारणी मला विचारायच्या, काय गं, बाबाला बरं नाही का? मी सांगायचे, बरं आहे. आईनं शिकवलं होतं तसं. रोज सांगायचे." तिनं हातातला हॅमचा तुकडा बशीत ठेवला. "अकराव्या महिन्यात गेला. शेवटचे दोन दिवस खोकला थांबला होता. आम्हाला वाटलं, उतार पडला."

डेरेक उभा राहिला होता. निळसर नखांचे हात खिशात घालून परत बाहेर काढले. मग म्हणाला, "ऑड्री, टोपली कुठंय?"

"जिन्याखाली."

त्यानं टोपली आणली, गाडीची किल्ली घेतली आणि कोट न घालताच बाहेर गेला. ऑड्रीनं फोन फिरवला. "लघवी होत नाहीये, बोका आहे," एवढंच तिनं सांगितलं आणि पलीकडचं ऐकता ऐकताच कोट ओढला. "आत्ता," ती म्हणाली. "आत्ताच निघा म्हणाली. सकाळीच यायला हवं होतं म्हणाली."

गाडीत मी मागं बसले, टोपली मांडीवर. माझ्या नखांत अजून भाजणी होती. पुलापाशी रस्ता खणलेला, लाल दिवा बदलेना. डेरेकनं आयुष्यात कधी भोंगा वाजवला नसेल, इथं कुणी वाजवत नाही, पण त्या दिवशी वाजवला. पुढच्या गाडीतल्या बाईनं वळून असं पाहिलं की जणू त्यानं शिवी दिली. मी टोपलीच्या जाळीतून बोट आत घातलं होतं आणि मनात नाव घेत होते. पार्किनचा कान गार लागत होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती, फिलिपा नावाची. तिनं पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली, आणि चेहरा न बदलता दाराकडं बघून कुणाला तरी हाक मारली. मग कागद ओढला.

"कधीपासून?"

ऑड्री ताठ उभी होती. "काल संध्याकाळी साडेसहापासून."

"काल," डॉक्टर म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "विमा आहे?"

"आहे. उद्यापासून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिला समजलं. अशी माणसं तिनं आधीही पाहिली असणार.

"मूत्रमार्गात खडा अडकलाय, किंवा सूज आहे. फटाक्यांच्या दिवसांत घाबरलेल्या बोक्यांना होतं हे. विष रक्तात चढलंय, ठोके मंदावलेत. भूल देऊन नळी घालावी लागेल, सलाईन, दोन रात्री इथं. हजार ते तेराशे पौंड होतील, आणि वाचेलच असं मी म्हणू शकत नाही." थोडं थांबून म्हणाली, "दुसरा मार्ग म्हणजे त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवणं. त्यातही काही चूक नाही. हे मला सांगावंच लागतं."

"उद्या सकाळी आणलं असतं तर?" डेरेकनं विचारलं. तो दारात उभा होता.

"उद्या सकाळी आणायला काही राहिलं नसतं."

ऑड्रीनं कागद स्वतःकडं ओढला, चष्मा लावला, आणि वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचला. तसा वाचल्याशिवाय ती सही करतच नसे, छतावरून दगड पडत असले तरी. मग सही केली. "करा," म्हणाली. पार्किनला आत नेताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. टोपलीतला त्याचा टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. समोर एक मुलगी सशाला घेऊन बसली होती. भिंतीवर त्याच विमा कंपनीचं चित्र, दोन गुबगुबीत मांजरं हसताहेत असं. चार वाजून गेले. डेरेकनं दोनदा घसा साफ केला.

"ऑड्री. तो विमा."

"हं."

"आज शेवटचा दिवस आहे. सहाला त्यांचा फोन बंद होतो. रद्द कर, सतरा पौंड तरी परत येतील. पार्किनच्या या दुखण्याला आता ते कधीच काही देणार नाहीत. आणि तो..." 

"आणि तो आतून आलाच नाही तर, असं म्हणायचंय तुला."

"मी तसं म्हटलं नाही."

ती माझ्याकडं वळली. मला विचारलं, "तू काय केलं असतंस?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "सकाळी मी काय सांगितलं ते ऐकलंस ना."

ती किंचित हसली. त्या दिवसातलं पहिलंच. मग डेरेककडं हात पुढं केला. "फोन दे तुझा."

डेरेकला वाटलं, रद्द करतेय. त्यानं नंबर लावूनच दिला. ऑड्रीनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि मग सांगायला लागली, "माझ्या बोक्याला काल संध्याकाळी साडेसहापासून लघवी होत नाहीये. तुमच्या चौदा दिवसांच्या आत झालंय, म्हणून कळवतेय. पैसे नकोत. लिहून घ्या." पलीकडची मुलगी काहीतरी बोलली. "नाही, रद्द नाही करायचा. दोघांचाही चालू ठेवा."

डेरेकनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

"दुसरी मांजरी ठीक आहे," ऑड्री फोनवर सांगत होती. "म्हणजे, आज सकाळी दोनदा शिंकली."

मी बाकाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"दोनदाच," ती म्हणाली आणि पाय बाजूला घेतला. पलीकडची मुलगी हसत असावी, कारण ऑड्री म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही, पण ठीक आहे, तुम्ही म्हणता तर राहू दे."

फोन परत देताना तिनं डेरेकला सांगितलं, "डब्यात अठराशे होते तेव्हाही मला विमा लागला. आज तेवढेही नाहीत. ट्रीकलला उद्या काही झालं तर मी कुठून आणू? परत कॅलेंडर बघत बसू?"

"आणि तुझं स्वतःचं?" तो हळूच म्हणाला. माती हा शब्द त्यानं उच्चारला नाही.

"पाचशे राहतील. पाचशेपासून सुरू करीन. मरायची मला घाई नाहीये." मग माझ्याकडं वळून, डेरेकला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "पण मधेच काही झालं, तर मंदा, याला टोपी घेऊन फिरू देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हटलं.

डेरेक उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होता, गाडीला टेकून रस्त्याकडं तोंड करून उभा. बराच वेळ आत आला नाही.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. नळी गेली म्हणाली, दुसऱ्या प्रयत्नात. ठोके सुधारताहेत. रात्र काढली तर बरं. ऑड्रीनं मान हलवली, आभार मानले, आणि विचारलं, "त्याला लपून बसायला काही देता येईल का? तो उघड्यावर झोपत नाही." डॉक्टर म्हणाली, पुठ्ठ्याचं खोकं ठेवते.

ती रात्र मी सांगत नाही. तिच्याकडंही उजेड होता आणि माझ्याकडंही, एवढंच.

पार्किन गुरुवारी घरी आला. पोटावरचे केस कापलेले, चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, सगळ्या दारांना आपटत. बिल अकराशे ऐंशी. ऑड्रीनं नोटा मोजून दिल्या. डॉक्टरनं बजावलं होतं, पुढच्या चोवीस तासांत आपणहून लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर पुन्हा सगळं.

शुक्रवारी सकाळी मी शंकरपाळ्यांची बशी घेऊन गेले तेव्हा ऑड्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, ट्रेपासून चार हातांवर. रात्रीपासून तिथंच होती असं उशीवरून दिसत होतं. मीही पदर खोचून शेजारी बसले. कपाटावरून ट्रीकल बघत होती. पार्किन दोनदा ट्रेपर्यंत आला आणि परत गेला.  देवळात घंटा वाजायच्या आधी जसं गप्प बसतात तसं बसलो होतो.

तिसऱ्यांदा तो आत गेला. नरसाळं कडेला अडकलं, ते त्यानं सोडवून घेतलं. मागचे पाय वाकवले. मी डोळे मिटले. मग मातीवर आवाज आला, बारीक, आणि थांबला नाही.

ऑड्री हललीच नाही. त्यानं माती उकरून नीट झाकली, एक पाय झटकला आणि क्लिफच्या खुर्चीकडं निघाला, तेव्हा कुठं तिनं ओट्याला धरून उठून फोन लावला.

"डेरेक. झाली."

 मग त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"किती?"

"खोटं कशाला सांगू," ऑड्री म्हणाली. "कपभर तरी असेल." आणि मोकळ्या हातानं तिनं कंपनीचं पत्र घड्याळामागून काढून कॅलेंडरशेजारी, दिसेल असं, खिळ्याला अडकवलं.